आराम कसला?

शिंप्याला दुखणं विचारायचं तर शिंप्याच्या भाषेत विचारावं. ते झालं नाही आणि सगळा घोळ झाला.

मास्तर एकोणसाठ वर्षांचे, त्यातली चाळीस मशीनवर गेलेली. आठ दिवस छातीत कळ येत होती. बायकोने, म्हणजे दुकानात काजं-बटणं करणाऱ्या काकूंनी, हातापाया पडून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कळ काम करतानाच येते, की आराम करतानाही?"

"आराम?" मास्तर हसले. "आमच्या सात पिढ्यांनी तो पाहिला नाही, बाई! कामातच येते."

काकूही हसल्या. कागदावर 'श्रमाने दुखणं' असं लिहिलं गेलं, गोळ्या मिळाल्या, डॉक्टरीणबाई पंधरा दिवसांनी या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर कोटाला तुरपाई घालत होते. सुई अर्ध्यात थांबली. कपाळावर घाम फुटला.

"पुन्हा?" काकूंनी विचारलं.

"कामात आहे ना, येणारच."

काकूंनी हातातलं काम टाकून त्यांच्याकडे नीट पाहिलं. अहो, कसलं डोंबलाचं काम? मांडी घातलेली, पाठ भिंतीला, हलतायत ती फक्त बोटं! यांच्या लेखी बसणं म्हणजे काम. डॉक्टरांच्या लेखी तोच आराम. रिक्षा मिळेपर्यंत काकूंनी सगळे देव पाण्यात घातले.

"बसल्या जागी? किती वेळ?" दवाखान्यात काकूंचं ऐकून डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या.

"वीस-वीस मिनिटं. रोज वाढतच चाललंय."

"अहो, हा अस्थिर अंजायना, कधीही अटॅक येऊ शकतो! असा पेशंट आम्ही घरी सोडतच नाही."

मग धावपळ उडाली. अ‍ॅस्पिरिन चावायला दिली, रक्त पातळ करायचं इंजेक्शन पोटात टोचलं, छातीला वायरी लावल्या. तासाभराने रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हृदयाला इजा झालीय. आता याला हार्ट अटॅकच म्हणायचं."

"आणि काल?"

"काल बहुतेक नव्हता."

काकूंना रडूही येईना. अँजिओग्राफीसाठी स्ट्रेचर निघालं, तसा मास्तरांनी त्यांचा पदर धरला. "तो कोट उद्या द्यायचाय गं. अस्तर राहिलंय."

"मरू दे तो कोट!" काकू किंचाळल्या, आणि तो शब्द कानी पडताच त्यांनी जीभ चावली. स्ट्रेचर आत गेलं, दार लागलं. बाहेर काकू स्वतःच्या तोंडात मारून घेत राहिल्या.