रागाने चालणारे काका

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, इंग्रजीतली क्रियाविशेषणं स्वतःच्या पायांनी चालवून दाखवणारे गृहस्थ मुंबईत आजवर एकच झाले, आणि ते माझ्या मावशीचे यजमान होते. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. सगळं गिरणगाव मुंबईसाठी हट्टाला पेटलेलं, आणि डिलाईल रोडच्या चाळीत आमचे काका मावशीच्या मॅट्रिकसाठी. तिला सातवीतून उठवून लग्न लावलं, तेव्हा "मुलीला मॅट्रिक करीन" असा शब्द त्यांनी सासऱ्यांना दिला होता. सासरे वारले, मावशी चाळिशीला आली, इंग्रजीत दोनदा आपटली. काकांच्या लेखी शब्द कालच दिलेला होता.

पुस्तकातून तिला उमजत नाही म्हटल्यावर काकांनी स्वयंपाकघरच कामाला लावलं. खळ करून चिठ्ठ्या चिकटवल्या. पिठाच्या डब्यावर 'नाउन', मिरच्यांच्या बरणीवर 'अ‍ॅडजेक्टिव्ह', खलबत्त्यावर 'व्हर्ब', दाराच्या कडीवर 'कंजंक्शन'. 'इंटरजेक्शन' स्टोव्हवर, कारण तो कधी भडकेल याचा नेम नसे. 'अ‍ॅडव्हर्ब' मात्र कशालाच चिकटेना. ती चिठ्ठी खिशात घालून काका गॅलरीत गेले आणि चालू लागले. कधी हळू, कधी लगबगीने, कधी दुःखाने. मावशीने भाकरी थापता थापता ओळखायचं. एकदा ते असे काही पाय आपटत गेले की शेजारची मालवणी नानी लाटणं घेऊनच बाहेर आली. कोणावर एवढे रागावलात, विचारू लागली.

काका शांतपणे म्हणाले, "मी रागावलेलो नाही. मी रागाने चालतोय."

इंग्रजीच्या पेपराला नेमका हरताळ. ट्रॅम बंद, बस बंद. पेपर पुढे जाणार असं अख्ख्या चाळीचं मत, काकांचं नव्हतं. दादरपर्यंत आम्ही पायी गेलो. मी कॉलेजात होतो, माझ्याकडे डबा. परीक्षेच्या शाळेच्या फाटकाशी मावशीने हात जोडले, तुम्ही समोर असलात की मला सगळं विसरायला होतं, घरी जा. काका बरं म्हणाले आणि समोरच्या फुटपाथवर येरझारा घालू लागले.

तासाभराने कोपऱ्यावरून मोर्च्यातली माणसं धावत आली, मागून लाठ्या. काकांनी शाळेच्या खिडकीसमोरून हलायला साफ नकार दिला. शेवटी मी दंडाला धरून ओढलं, तर धोतराचा सोगा चपलेखाली आला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून मावशी ओरडली. अख्ख्या वर्गाने ऐकलं, सुपरवायझरने तिला खाली बसवलं. बसली ती हसतच, आणि म्हणते, त्यानंतर पेन थांबलं नाही.

निकालाच्या दिवशी काका सासऱ्यांच्या फोटोपुढे उभे राहून नुसतं "झालं" म्हणाले. उरलेली ती 'अ‍ॅडव्हर्ब'ची चिठ्ठी मावशीने त्यांच्या चपलांवर चिकटवली.

काका जाऊन बरीच वर्षं झाली. त्या चपला अजून उंबऱ्याशी आहेत. मावशी त्या हलवू देत नाही. त्यांच्याकडे पाहिलं की भर परीक्षेत खिडकीतून आलेला तिचा आवाज मला जसाच्या तसा ऐकू येतो:

"अहो, पळा लवकर! पण सावकाश पळा!"