दोघांनी सोडलेला खर्रा

रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवायला लागून मला सव्वीस वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. सकाळची पाळी होती. केबिनमधून शिडी उतरताना छातीवर कुणी सिमेंटचं पोतं ठेवल्यासारखं वाटलं आणि डावा हात जड झाला. मनात म्हटलं, रिकाम्या पोटी समोसे खाल्ले, गॅस झाला असेल.

खाली माझा जोडीदार उभा होता. क्रेन कुठं न्यायची हे तो जमिनीवरून हातांच्या खुणांनी सांगायचा. पंधरा वर्षं आम्ही एकाच पाळीत होतो. तो भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातला, माझे आजोबा नागपूरहून रेल्वेच्या नोकरीत इकडे आलेले. भिलाईत आमच्या दोघांच्याही घरात मराठी टिकली ती चुलीपाशी; बाहेर सगळी हिंदीच. त्यानं माझा घामेजलेला चेहरा पाहिला. पाच मिनिटं बसलो की बरं वाटेल, असं मी सांगत राहिलो, पण त्यानं ऐकलं नाही. फोरमनला सांगून अँब्युलन्स मागवली आणि माझा हात धरून स्वतःच आत बसला.

हृदयाची एक नस जवळजवळ बंद झाली होती. डॉक्टरांनी तिथं स्टेंट बसवला. वेळेवर आणलं म्हणून हृदयाचा बराचसा भाग वाचला, असं त्यांनी बायकोला सांगितलं. सुट्टी देताना त्यांनी पथ्य समजावलं: मीठ आणि तेल कमी, तळलेलं बंद, डाळी आणि पालेभाज्या भरपूर, रोज चालणं, तंबाखू अजिबात नाही. अक्रोडही खा म्हणाले. बायकोनं विचारलं, अक्रोड आमच्याकडे कोणी खात नाही, जवस चालेल का? डॉक्टर हसले. चालेल, म्हणाले, पण चटणी खाता म्हणून गोळ्या बंद करू नका.

तेव्हापासून आमच्या ताटात बिनमिठाची जवसाची चटणी, नावाला तेल घातलेली लाल माठाची भाजी आणि फिकं वरण आलं. पापड-लोणच्यांच्या बरण्या बायकोनं शेजारणीला देऊन टाकल्या. ती स्वतः लोणच्याशिवाय न जेवणारी. मला वाटायचं, ती आपल्यापुरतं मीठ वेगळं घालून घेत असेल.

दोन महिन्यांनी कामावर गेलो तर क्रेन सुटली होती. मला स्टोअरमध्ये बसवलं. सव्वीस वर्षं उंचावरून मिल पाहिलेल्या माणसाला ती खुर्ची खायला उठायची. त्या रिकामेपणात मी गेटबाहेरच्या टपरीवरून पुन्हा खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, आणायला लागलो. घरी कुणाला पत्ता नव्हता.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत जोडीदार स्टोअरमध्ये आला. मी पुडी लपवली, पण तोंडात होता तो कसा लपणार? मी रागावूनच म्हणालो, "तू दिवसभर खाते. मी एकट्यानंच कावून सोडावं?"

मग त्यानं खिशातून स्वतःची पुडी काढली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"तू एकटा नाही सोडून राहिला," तो म्हणाला. "आजपासून मी बी सोडला."

मी तोंडातला खर्रा थुंकून आलो. पुढचे काही आठवडे त्याचे हाल माझ्यापेक्षा जास्त झाले. डोकं दुखायचं, कामावर सगळ्यांवर चिडायचा, दिवसभर बडीशेप चघळायचा. मला हार्ट अटॅकची भीती होती म्हणून मी सोडला. त्याला तर काहीच झालं नव्हतं. पहाटे तो रुआबांध्याच्या वस्तीतून सायकलीनं आमच्या क्वार्टरवर यायचा, सायकल लावायचा आणि आम्ही तासभर चालायचो. पावसाळ्यातही त्यानं खाडा केला नाही.

त्याच सुमारास एका दुपारी मी लवकर घरी आलो. बायको स्वयंपाकघरात एकटी जेवत होती. तिच्या ताटातलं वरण मी सहज चाखलं. माझ्यासारखंच फिकं. मिठाचा डबा जवळ नव्हताच.

"तू कावून असं खाते?" मी विचारलं.

"दोन-दोन वरणं कोण करन?" ती म्हणाली. मग पुढे बोलली, "आन् तुमी फिकं खाता, तं माह्या घशाखाली मिठाचं उतरत नाही."

मी हात धुतले आणि तिच्याच ताटात जेवायला बसलो.

आता मी आणि जोडीदार दोघंही रिटायर झालो आहोत. मागच्या महिन्यात माझा इको काढला. हृदय चांगलं काम करतंय, असंच चालू द्या, डॉक्टर म्हणाले. घरी येऊन बायकोला सांगितलं की हे तुझ्यामुळे झालं. गोळ्या घेतल्या का, एवढंच तिनं विचारलं. दुसऱ्या दिवशी चालताना जोडीदारालाही सांगितलं, की तुझे उपकार मी विसरलो नाही. आमच्या इतक्या वर्षांच्या दोस्तीत असलं काही मी पहिल्यांदाच बोललो होतो. तो लाजला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो तसाच ठेवून आम्ही बराच रस्ता चाललो.