कितवं पानिपत?

सोवनीकाकांसमोर पुढे पुढे ‘पानिपत झालं’ म्हणायची सोय उरली नव्हती. माझ्या लेकाचा गणिताचा पेपर बोंबलला, त्या दिवशी मी जिन्यातच कपाळावर हात मारला. “काका, पार पानिपत झालं हो!” दारात मेथी निवडत बसलेल्या काकांनी मान वर न करता विचारलं, “कितवं?” मला कळेचना. “तीन झाली अगं. पहिल्याला कुणी विचारतच नाही.” मला हसू आलं, ते मात्र हसत नव्हते.

लक्ष्मीबाई नगरात आमच्या खालीच त्यांच्या मुलाचं सरकारी क्वार्टर. काकू गेल्यावर काका पुण्याहून इकडे आले, आणि महिन्याभरात जन्म दिल्लीत गेल्याच्या थाटात वावरू लागले. मेट्रोचं कुठलं गेट, भाजी कुणाकडची, सगळ्यावर एकच पालुपद: “मला विचारा ना!” निम्म्या थापा असायच्या. पण इतक्या मायेने मारायचे की चुकीच्या गेटातून बाहेर पडूनही राग येत नसे.

संक्रांतीला आमच्या महाराष्ट्र मंडळाची बस पानिपतला निघाली, तेव्हा पुढच्या सीटवर अर्थातच काका. “वाट पाठ आहे मला!” जन्मात कधी गेले नव्हते. गावात शिरलो तर धुकं असं की समोरचा ट्रक दिसेना. काकांनी काच खाली करून एकाला विचारलं, “भाईसाब, लड़ाई में जो मारे गए, उनकी जगह किधर है?” त्याने बोट दाखवलं, आम्ही उतरलो. मराठी माणसाला पानिपत एकच. बाकीची दोन शाळेच्या पेपरात सोडून आलेला असतो.

छोटीशी बाग, विटांचा उंच चौथरा. “हे कबरीसारखं दिसतंय हो,” कुणीतरी पुटपुटलं. “उत्तरेत समाध्या अशाच बांधतात. मला विचारा ना!” झालं. काकांनी झेंडूचा हार घातला, नारळ फुटला, ‘हर हर महादेव’ झालं. भाऊसाहेबांचं नाव काकांनी असं घेतलं की आमच्या बायकांचे पदर डोळ्यांना लागले.

तिळगूळ वाटेपर्यंत धुकं विरळ झालं. काका चष्मा पुसत फलकापाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. गप्प बसले असते तरी कुणाला पत्ता लागला नसता. पण ते परत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “मंडळी, चुकलो. हा इब्राहिम लोदी. पंधराशे सव्वीसचा. हे आपले नव्हेत.”

आणि मग हा हशा! आमच्या चिटणीसबाई म्हणाल्या, “काका, हार एकच आणलाय हो. घ्या काढून, तिकडे लागेल.” यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. काकांनी हार उचलला, दव झटकलं, पिशवीत ठेवला. मराठ्यांच्या स्मारकापाशी मात्र तो दुसऱ्याच्या हातात देऊन ते बसजवळ जाऊन उभे राहिले.

त्यानंतर काका मंडळात येईनात. “आज कुणाला हार?” अशी थट्टा व्हायचीच, मला वाटलं, तीच लागली असेल. एकदा मी गुळपोळ्या घेऊन गेले, तर काका म्हणाले, “चुकलो त्याची लाज नाही गं. मी फेकूच आहे. पण घातलेला हार काढून घेतला मी. मेलेल्या माणसाच्या अंगावरून! वर म्हणालो, आपले नव्हेत.” पोळीला हात लावला नाही त्यांनी.

मग ते पंधराशे सव्वीस हे एकच वर्ष घेऊन बसले. मला जिन्यात अडवून सांगायचे. “सुलतानाला पळता आलं असतं, पळाला नाही. ग्वाल्हेरचा राजाही त्याच्या बाजूने लढता लढता मेला. आणि जिंकलेल्यांचे हाल बघ! आग्र्याच्या उन्हाने जीव नकोसा झाला, घरी चला म्हणत बसले. आपली पुण्याची माणसं जूनमध्ये करतात तसं.” हसायचे, आणि मध्येच आवाज उतरायचा. “वर्ष सरता सरता सुलतानाच्या आईने बाबराच्या जेवणात विष घालायला लावलं. बाबर वाचला. पण आई होती गं त्याला. माझ्या डोक्यातच आलं नाही.”

लढाई एप्रिलमधली. दर एप्रिलला काका एकटे रेल्वेने पानिपतला जायचे, पिशवीत झेंडूचा हार. एकदा मी हट्टाने बरोबर गेले. त्यांनी हार घातला आणि नुसते उभे राहिले. भाषण ठोकणारा माणूस! परतताना हळूच विचारलं, “माफी मागून झाली, हे कसं कळतं गं?” ‘मला विचारा ना’ त्यांच्या तोंडून ऐकून किती दिवस झाले, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

यंदा एप्रिल यायच्या आधीच काका गेले. स्मशानात मंडळाची त्या बसमधली सगळी माणसं होती. चिटणीसबाईंनी झेंडूचा हार घातला. काकांचा मुलगा ऑफिसच्या खिडकीवर नोंद करायला गेला होता, तेवढ्यात चितेपाशी उभा असलेला स्मशानातला माणूस म्हणाला, “चलिए, माला उतारिए.”

चिटणीसबाईंचा हात पुढे गेला आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. कुणीच पुढे होईना.

“अरे, कोई इनका अपना नहीं है क्या?” तो माणूस वैतागून म्हणाला.

आम्ही सगळे खाली मान घालून उभे होतो.