चूक परत लिहायला लावणाऱ्या बाई

"खाली गेलं का गा?"

उजव्या हाताच्या दोन बोटांत अर्धं ब्लेड, ते कागदापासून वीतभर वर, आणि नजर माझ्याकडे. उत्तर मिळेपर्यंत बाईंचा हात तसाच हवेत राहायचा. कितीही घाई असो, हा प्रश्न विचारल्याशिवाय त्यांनी ब्लेड कधी कागदाला टेकवलं नाही.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंगण्याच्या एका कारखान्यात आमचं ड्रॉइंग ऑफिस वरच्या मजल्यावर होतं आणि शॉप, म्हणजे जिथे यंत्रं बनायची ती जागा, खाली. खाणीत वॅगन ओढायला लागतात त्या विंच आम्ही बनवायचो. इंजिनियर पेन्सिलीने ड्रॉइंग काढायचा, आमच्या ट्रेसर बाई ते पारदर्शक ट्रेसिंग कागदावर शाईने उतरवायच्या, आणि त्यावरून अमोनियाच्या मशीनमधून प्रिंट काढून खाली पाठवायच्या. मूळ कागद बाईंच्या कपाटात. तुमच्यापैकी कुणी असं ऑफिस पाहिलं असेल तर त्या कागदाचा उजवा कोपरा आठवेल. तिथे एक तक्ता असतो: पहिली सुधारणा, दुसरी सुधारणा, काय बदललं, कधी बदललं, कुणाची सही.

प्रिंट खाली गेली नसेल तर बाई वाटेल ते खोडून द्यायच्या. ब्लेड आडवं धरून शाई अशी हळूच उचलायच्या की कागदाला कळू नये. मग खडूची पूड टाकून चमच्याच्या पाठीने घासायच्या, म्हणजे नवी शाई फुटत नाही. माझं पहिलंच ड्रॉइंग मी एका दिवसात नऊ वेळा बदललं. तक्त्यात नऊ ओळी भरल्या. बाईंनी संध्याकाळपर्यंत नवाच्या नऊ काढून टाकल्या आणि एकच ओळ लिहिली.

"बाई, पण मी नऊ वेळा बदललं होतं."

"तू नऊदा चुकला हे खालच्यांले काहून सांगाचं? आखरीत काय झालं, तेवढं सांग त्यांले."

पण प्रिंट एकदा खाली गेली की तोच कागद त्यांच्यासाठी देवघरातला व्हायचा. आकडा चुकला असेल तर खाली नवी ओळ, नवा नंबर, नवी सही. जुनी ओळ जशीच्या तशी. एकदा साहेबांनी नुसती तारीख बदलायला सांगितली, तर बाईंनी ब्लेड डबीत ठेवलं, डबी पर्समध्ये ठेवली आणि चहाला निघून गेल्या.

मी काटोलकडच्या खेड्यातला. आमच्या अख्ख्या आळीत कॉलेजची पायरी चढलेला पहिला. हे मी मुलाखतीत सांगितलं, कंपनीच्या बसमध्ये सांगितलं, कॅन्टीनमध्येही सांगितलं. बाई म्हणायच्या, "सांगतलं गा तू. सोमवारीच सांगतलं." त्या मॅट्रिकनंतर ट्रेसिंगचा कोर्स केलेल्या. मी ऑफिसात पुस्तकातलं मराठी बोलायचो, त्या घरातलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला साहेब म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून गा.

नोकरीला वर्ष होत आलं होतं. महिनाअखेरीस मला कायम करायचं की नाही, ते ठरणार होतं. त्याच सुमारास विंचच्या एका भागात बदल आला. ज्या पोलादी कानाला दोर अडकवतात, त्याची जाडी वीस मिलिमीटरची पंचवीस करायची होती. मी बदलाच्या चिठ्ठीवर भलत्याच रकान्यात पाहिलं आणि सोळा लिहिलं. तपासणारे साहेब पुतणीच्या लग्नाला अकोल्याला गेले होते. आपण इंजिनियर आहोत, आपल्याला कोण तपासणार, म्हणून त्यांच्या जागीही मीच सही केली. तिसरी सुधारणा. प्रिंट खाली गेल्या.

चार दिवसांनी डबा खाता खाता माझ्या लक्षात आलं. डबा तसाच सोडला. तसला पातळ कान तुटला तर भरलेली वॅगन उतारावरून मोकळी सुटते, आणि खाली माणसं असतात.

मी बाईंकडे धावलो. "बाई, सोळाचं पंचवीस करून द्या. नंबर तीनच राहू द्या."

ब्लेड हवेत थांबलं. "खाली गेलं का?"

"गेलं. पण मी सगळ्या प्रिंट परत आणतो. कुणाला कळणार नाही."

"चौथी ओळ लिहू आपन."

"चौथी लिहिली की साहेब विचारतील, एका आठवड्यात दोनदा काहून बदललं?" घाबरलो की माझं पुस्तकी मराठी असं सुटायचं. "मले कायम करतील का मग?"

"ते मले नाही माईत. मी नाही खोडत."

त्यावर मी जे बोललो ते आजही कानात खुपतं. "तुम्ही ट्रेसर आहात. इंजिनियर मी आहे."

बाईंनी ब्लेड माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला गेल्या.

ते ब्लेड मी उचललं. सोळा खरवडलं, तिथे पंचवीस लिहिलं. तक्त्यातली ओळही तशीच बदलली. नवीन प्रिंट काढल्या, शॉपमध्ये गेलो, जुन्या गोळा केल्या, फाडल्या. फोरमनला म्हणालो, "जरा पुसट आल्या होत्या." वर आलो तेव्हा छाती हलकी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी तो कागद बाहेर काढला. माझ्या पंचवीसची शाई फुटून तिला मुळ्या आल्या होत्या. बाई रागावल्या नाहीत. प्रिंट कुणाकुणाला दिल्या त्याची वही त्यांनी उघडली आणि एवढंच विचारलं, "किती आनल्या?"

"चार."

"गेल्या पाच."

पाचवी प्रिंट फोरमनने रस्त्यापलीकडच्या छोट्या वर्कशॉपवाल्याला दिली होती. आमची जाड प्लेट तोच गॅसने कापून द्यायचा. बाईंनी पदर खोचला आणि निघाल्या. मी मागे.

तो गडी ऐन कापायच्या बेतात होता. मी नवी प्रिंट पुढे करून म्हणालो, "ही घ्या. जुनी द्या."

त्याने दोन्ही शेजारी धरल्या. "सायेब, तुमच्या कागदावर बी तीन नंबर, माह्या कागदावर बी तीन नंबर. एकावर सोळा, एकावर पंचवीस. खरा कोनता? मी तं म्हनतो माहाच. तुमची तं शाई बी वली वाटते."

तो मोठ्याने हसला. बाई हसल्या नाहीत. "किती कापले, दादा?"

"सहा. चार इथं हायेत. दोन परवाच तुमच्याकडं पाठवले."

आम्ही दोघं कारखान्याच्या अंगणातून अक्षरशः पळालो. ते दोन कान वेल्ड झालेली विंच, हिरवा रंग लागून, ट्रकच्या शेजारी उभी होती. हमाल साखळी बांधत होते. मी काही बोलायच्या आत बाई ओरडल्या, "थांबवा गा बाप्पा! चढवू नका ते!" हमालांनी साखळी सोडली. फोरमनने गेज लावला. सोळा. मी तिथेच एका पेटीवर बसलो. इतकं बरं वाटत होतं की रडू येईल की काय, अशी भीती वाटली.

वर आल्यावर बाईंनी कागद माझ्यासमोर सरकवला. माझं पंचवीस त्यांनी खरवडलं, जागा घासून गुळगुळीत केली आणि पेन माझ्या हातात दिलं.

"तिसऱ्यात काय होतं?"

"सोळा."

"मंग सोळा लिही."

"चूक परत लिहू?"

"लोकायनं सोळा पाह्यलं, सोळा कापलं. आता कागद म्हनते पंचवीस होतं. मंग लोक खोटे काय गा?"

मी सोळा लिहिलं. त्याखाली चौथी ओळ: 'तिसऱ्या सुधारणेतील जाडी चुकीची, सोळाऐवजी पंचवीस.' एरवी तक्त्यातली सगळी अक्षरं बाई काढायच्या, आम्ही फक्त सही करायचो. त्या दिवशी त्यांनी पेनाला हात लावला नाही. माझी अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडली. ही मला शिक्षा, असं मी समजलो.

साहेब परत आले. कागद पाहून म्हणाले, "ही बालवाडी कुणाची?"

"माझी. तिसऱ्यातली चूकही माझी. तुमच्या जागी सहीही मीच केली होती."

"किती कापले होते?"

"सहा. सहाही परत आणले."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग चौथ्या ओळीपुढे सही केली. "यापुढे माझी सही मी करीन," एवढंच बोलले. महिनाअखेरीस मला कायम केल्याचं पत्र आलं. बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "आता कॅन्टीनमध्ये सांगून ये."

बाई वारल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या गेल्या त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी नंदनवनला त्यांच्या घरी गेलो होतो. रिटायर होऊन त्यांना तीन-चार वर्षं झाली होती. ओसरीवर बसून सांबार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, निवडत होत्या. मीही समोर बसून एक जुडी घेतली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग जे इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं, ते बोलून गेलो.

"बाई, त्या दिवशी मी खोडलं ना, तेव्हा मनात ठरवून ठेवलं होतं. साहेबांनी पकडलं असतं तर तुमचं नाव सांगणार होतो. तक्त्यात अक्षर तुमचंच असतं, ब्लेडही तुमचं. माझ्यावर कुणी संशय घेतला नसता."

त्यांचा हात थांबला नाही. पिवळं पान बाजूला, हिरवं टोपलीत.

"मले माईत होतं."

"कसं?"

"डोळ्यात दिसत होतं गा तुया. म्हनूनच तं चौथी ओळ तुयाच हातानं लिवून घेतली."

मी हातातल्या जुडीचे देठ मोडले. विचारलं, "मग तेव्हाच काहून नाही बोलल्या?"

"तू सोळा लिवलं ना परत. मंग मी काय बोलाचं?" त्यांनी टोपली उचलली. "जेवून जा. वांगे केले आहे."

मी जेवलो. भात दोनदा मागून घेतला. तिसऱ्यांदा बाईंनी न मागताच वाढला.