अमावस्येला राहिलेला अर्ज

आमच्या बाबांनी तालुक्याच्या कोर्टात कारकुनी करण्यात जन्म घालवला आणि आम्हा भावंडांना एकच गोष्ट शिकवली: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. स्वतः रोज चढायचे, पण ते पगारासाठी. बांधाच्या वादात म्हातारी झालेली माणसं त्यांनी पाहिली होती. ती म्हण मी लग्नातल्या भांड्यांबरोबर इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला घेऊन आले, आणि तिच्यापायी माझ्या सख्ख्या भावाचं इथलं बिऱ्हाड उठायची वेळ आली.

भाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञाचं शिक्षण घेत होता. ज्या नियमांवर त्याच्यासारख्या डॉक्टरांना इथे बोलावलं, ते नियम सरकारने मध्येच बदलले आणि आधी आलेल्यांनाही लावले. दोन हजार सात सालच्या पितृपक्षात त्याचा व्हिसा वाढवायला नकार आला. अपील करायला कामाचे दहा दिवस होते. बायको, नुकतीच शाळेत जायला लागलेली मुलगी, सगळं त्या दहा दिवसांवर येऊन ठेपलं.

शनिवारी तो अपीलाचा भरलेला अर्ज घेऊन माझ्याकडे आला.

"ताई, हॉस्पिटलच्या फॅक्सवरून पाठवला तर वॉर्डभर चर्चा होईल. तुझ्या लायब्ररीतून कर. थर्सडे लास्ट डेट आहे."

मी तेव्हा कौन्सिलच्या लायब्ररीत कामाला होते. मी म्हणाले, "अरे, पितृपक्षात सरकारशी भांडण काढायचं? आधी एखादं विनंतीचं पत्र लिहून बघ."

"विनंत्या करून झाल्या गं. आता फक्त जज उरलाय."

तो गेल्यावर मी अर्ज देव्हाऱ्यात गणपतीच्या पाटाखाली सरकवला. आमच्याकडे महत्त्वाचा कागद आधी देवापुढे जातो, मग बाहेर. गुरुवारी सर्वपित्री अमावस्या होती, शुक्रवारी घटस्थापना. शुक्रवारी सकाळी पाठवू, असं मी परस्पर ठरवून टाकलं. एका दिवसाने काय आभाळ कोसळतं? बाबांच्या कोर्टात तारखा वर्षानुवर्षं पुढे जायच्या, आणि जगातली सगळी कोर्टं तशीच असणार, हे मी गृहीतच धरलं होतं. खरं सांगते, अमावस्या हे निमित्त होतं. मला भीती वाटत होती. सरकारविरुद्धच्या कागदावर आपलं आडनाव लागलं की ते लोक कायमचा डूख धरतील, असं वाटायचं.

बुधवारी त्याचा फोन आला. "ताई, गेला ना अर्ज?"

"हो रे, गेला," मी म्हणाले. तव्यावरची पोळी उलटावी तितक्या सहज म्हणाले.

गुरुवारी संध्याकाळी मी घटासाठी धान्य निवडत बसले होते. समोर माझी मुलगी, वय सतरा, पॉलिटिक्सचा अभ्यास करत होती. त्या टर्मला तिला अमेरिकेचं सरकार होतं.

"आई, ऐक ना. तुला एक्स्प्लेन केलं की मला लक्षात राहतं. काँग्रेस लॉ बनवते, प्रेसिडेंट तो चालवतो, आणि दोघांपैकी कोणी लिमिट क्रॉस केली तर सुप्रीम कोर्ट म्हणू शकतं, नो. इथल्या कोर्टाला पार्लमेंटचा लॉ कॅन्सल नाही करता येत, पण मिनिस्टरला ते थांबवू शकतात."

"मग कोर्टच सगळ्यांच्या वर झालं की."

"नाही ना! त्याच्याकडे आर्मी नाही, पैसे नाही. आणि वीअर्ड म्हणजे, ते स्वतःहून काहीच करू शकत नाही. ज्याला त्रास झाला त्यानेच केस आणली पाहिजे. कोणी आलंच नाही तर कोर्ट नुसता बसून राहतो."

"आणि कोणी उशिरा आलं तर?"

"लेट? मग बहुतेक ऐकतच नाहीत. का?"

माझा हात ताटातच थांबला. घड्याळात सहा वाजून गेले होते, लायब्ररी बंद झाली होती. माझी नजर देव्हाऱ्याकडे गेली आणि तिच्यामागून मुलीचीही. ती उठली, पाटाखालून कागद ओढला.

"हे मामाचा अपील आहे? तू पाठवला नाही?"

"उद्या सकाळी घट बसले की..."

"उद्या इज टू लेट, आई!" ती ओरडली. "मामा दार नॉक करत होता आणि तू त्याचा हात धरून ठेवलास!"

माझ्यावर असं कुणी ओरडलेलं मी खपवून घेत नाही. त्या दिवशी घेतलं. उभ्या उभ्या भावाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, ते बाबांचं कोर्ट नव्हतं गं." आणि त्याने फोन ठेवला.

शुक्रवारी फॅक्स केला. उत्तर आलं की अर्ज मुदतीबाहेर आहे, उशिराचं कारण न्यायाधीशांपुढे सांगा. कारण तर मीच होते.

म्हणून बर्मिंगहॅमला जाऊन मी ती पायरी चढले. साधी ऑफिससारखी खोली होती. न्यायाधीशबाई साठीच्या, सर्दीने बेजार, समोर टिशूंचा डबा. भाऊ माझ्या शेजारी बसला होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. मुलगी मागे बसली होती. पाठ करून आणलेलं इंग्रजी ऐन वेळी आठवेना. तरी सांगितलं: अमावस्या, पाटाखालचा कागद, फोनवरचं खोटं.

सरकारच्या बाजूचा माणूस उठून म्हणाला, नियम स्पष्ट आहे, मुदत म्हणजे मुदत. बाईंनी त्याला हाताने थांबवलं. नियम तुमचा आहे, म्हणाल्या, पण उशीर माफ करायचा की नाही हे मी ठरवणार. तो सरकारचा माणूस मुकाट्याने खाली बसला. सरकारी माणसाला असं गप्प बसलेलं मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमच्या भावाला हे माहीत होतं?"

"नाही. मी त्याच्याशी खोटं बोलले."

"तुम्हाला एवढी भीती कुणाची वाटली?"

मी म्हणाले, "तुमची."

त्यांनी पेन खाली ठेवलं, नाक पुसलं, मग पेन पुन्हा उचलून बराच वेळ लिहीत राहिल्या. चूक अर्जदाराची नाही, अपील ऐकलं जाईल, एवढंच सांगितलं. मला तिथेच रडू फुटलं. मुलीने मागून खांद्यावर हात ठेवला. भाऊ फाईल आवरत होता.

पुढच्या वर्षी तो अपील जिंकला. इथेच राहिला, कन्सल्टंट झाला, वॉटफर्डला घर घेतलं. दिवाळीला येतो, भाऊबीजेला वाकून नमस्कार करतो, माझ्या हातची करंजी मागून खातो. पण त्या गुरुवारनंतर त्याने माझ्या हातात एकही कागद दिलेला नाही. त्याच्या मुलीचा शाळेचा फॉर्म माझ्याच टेबलाशी बसून भरतो आणि घरी निघताना आठवणीने खिशात घालतो.