लोखंड ऐकणारा मल्लप्पा

लाकडाला कान लावून बसलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो सोलापुरात, शुक्रवार पेठेच्या टोकाला असलेल्या आमच्या वखारीत. मला नोकरीला लागून दोनच दिवस झाले होते. काम सोपं होतं. गाडीवरून ओंडके उतरले की टेप लावायची, लांबी आणि घेर वहीत टिपायचा, घनफूट काढायचे. त्या सकाळी एका बाभळीच्या ओंडक्याशी गेलो, तर पलीकडे पन्नाशी ओलांडलेला एक सडपातळ माणूस उकिडवा बसला होता. गळ्यातलं लिंग त्याने सदऱ्याच्या आत खोचलं होतं, कान ओंडक्याला टेकवला होता आणि हातोडीने तो वीतवीतभर अंतरावर ठोकत चालला होता. मी टेप ताणली, तसा त्याने डोळे न उघडताच हात वर केला.

“वाईच थांबा की टेपवालं. ऐकू द्या.”

“काय ऐकताय?”

“लोखंड,” तो म्हणाला.

मला हसू आलं आणि मी ते लपवलंही नाही. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. जे टेपेने मोजता येत नाही ते खोटं, असा माझा एकूण हिशेब होता.

तो मल्लप्पा आराकस. मूळचा जवळच्याच वळसंग गावचा. घरात कानडी बोलायचा, वखारीत मराठी, आणि करवतीवर चढला की पुन्हा कानडी. आराकस म्हणजे हाताच्या मोठ्या करवतीने ओंडके चिरून फळ्या, वासे पाडणारा. ओंडका दोन उंच घोड्यांवर चढवायचा, सुताला काव लावून त्यावर लाल रेघ मारायची, मग एकाने वर उभं राहायचं आणि एकाने खाली. वरचा करवत रेघेवर ठेवतो, खालचा ती ओढतो आणि दिवसभर भुसा खातो. मल्लप्पाच्या खाली गेली वीस वर्षं दगडू होता. दगडू आमच्याच शहरातला, बौद्ध वस्तीत राहणारा, मल्लप्पाहून आठ-दहा वर्षांनी लहान. तो तोंडाला फडकं बांधून असायचा, त्यामुळे पहिला महिनाभर मी त्याचा चेहराच नीट पाहिला नव्हता. वरून मल्लप्पा “एळी!” म्हणाला की दगडू ओढायचा, “निल्लु!” म्हणाला की आहे तिथे थांबायचा. दगडूला कानडी येत नव्हतं. हे दोन शब्द मात्र त्याच्या कानाला नव्हे, हातालाच ठाऊक झाले होते.

ओंडक्यात लोखंड असणं ही आराकसाच्या धंद्यातली मोठी भीती. आपल्या लोकांना झाडाला खिळा ठोकायला निमित्त लागत नाही. कुणी धुण्याची दोरी बांधायला ठोकतो, कुणी कंदील अडकवायला, कुणी निवडणुकीची पाटी लावायला. दाढ दुखली की ठोकतात, अंगात भूत शिरलं की ते झाडात कोंडायला ठोकतात. मग साल वाढून खिळा आत जातो आणि ठोकणारे विसरून जातात. करवत त्याच्यावर गेली की दाते तुटतात, वरच्याचा तोल जातो. म्हणून मल्लप्पा गाडीवानाला आधी एकच प्रश्न विचारायचा, “कुटं हुबं हुतं?” झाड विहिरीवर होतं, देवळापुढे होतं की तीन वाटांच्या तिकाटण्यावर होतं, हे कळल्याशिवाय तो ओंडक्याला हात लावायचा नाही. मग कापलेल्या तोंडावर तो ओलं फडकं फिरवायचा. आत लोखंड गंजलं असेल तर लाकडात निळसर काळी रेघ उतरते, ती ओल्यात दिसते. कान सगळ्यांत शेवटी.

माझं मत असं की खरं काम त्या प्रश्नाचं आणि फडक्याचं, कान म्हणजे नुसता देखावा. हे मी त्याला एकदा तोंडावर सांगितलं. तो रागावला नाही. “मंग तुमी फडकं फिरवा आन सांगा,” म्हणाला. मी फिरवलं, न्याहाळलं, साफ आहे म्हणून सांगितलं. मल्लप्पाने कान लावला, तीन ठिकाणी ठोकलं आणि चुन्याची फुली मारली. फुलीखाली चार बोटं आत घोड्याच्या नालाचा तुकडा निघाला. त्यानंतर आठवडाभर तो मला भेटेल तिथे “काय, फडकं धुतलं का?” असं विचारत होता.

दुसऱ्या एका गोष्टीवरूनही आमचं वाजलं होतं. जुना खिळा झाडाबरोबर वर जातो, असं मी समजत होतो. मल्लप्पा म्हणाला, “टेपवालं, झाड शेंड्याला वाढतंय, बुडाला न्हाय. छातीला ठोकला तर शंभर वर्सांनी बी छातीलाच गावंल.” मी हे शास्त्राच्या एका शिक्षकांना त्यांच्या घरी जाऊन विचारलं. मल्लप्पाचं बरोबर निघालं, ते मात्र मी त्याला सांगितलं नाही.

पुढे शेठनी विजेवर चालणारं मशीन आणलं. पट्ट्यासारखं लांब पातं दोन चाकांवर गरगर फिरायचं, आणि ट्रॉलीवरचा ओंडका पुढे ढकलला की मल्लप्पा-दगडूचं दोन दिवसांचं काम गिरणीच्या दुपारच्या भोंग्याच्या आत संपायचं. चालवायला हैदराबादकडचे करीम मिस्त्री आले. मल्लप्पाला ओंडक्याला कान लावताना बघून ते म्हणाले, “क्या सुनरे चाचा? लकडा है, रेडिओ नइं.” पहिल्याच आठवड्यात पातं एका खिळ्यावर गेलं. मोठा आवाज झाला, पातं तुटून शेडभर फटकारत गेलं आणि खांबाला विळखा घालून बसलं. कुणाला लागलं नाही हे नशीबच. मिस्त्री तिथेच भुशात मटकन बसले आणि पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, “चाचा को बुलाव.”

तेव्हापासून मल्लप्पाचं काम फक्त ऐकण्याचं राहिलं. त्याने ऐकून “साफ हाय” म्हटल्याशिवाय ओंडका मशीनवर चढत नसे. दगडूला ट्रॉलीवर घेतलं होतं. तो पात्याच्या समोर उभा राहून ओंडक्याला जोर द्यायचा. वर-खालच्या जोडीचं असं मागं-पुढं झालं. जुनी करवत तेल लावून भिंतीला टांगली गेली. दुपारी मात्र दोघं पूर्वीसारखेच एका फडक्यावर कडक भाकरी मोडून बसायचे, आणि मल्लप्पा शेंगाची चटणी दगडूच्या बाजूला सरकवायचा.

बहात्तरच्या दुष्काळात वाळलेली झाडं पुढे तीन-चार वर्षं वखारीत येत राहिली. तसाच एक कडुलिंबाचा ओंडका एका सकाळी आला, चांगला दोन माणसांच्या कवेतला. मल्लप्पाने विचारलं, “कुटं हुबं हुतं?”

“वळसंगला. म्हसोबाच्या बांधावर,” गाडीवान म्हणाला.

एरवी आपल्या गावचं लाकूड आलं की मल्लप्पा गाडीवानाला सोडायचा नाही; पाऊस, पीक, कोण आजारी, सगळं विचारून घ्यायचा. त्या दिवशी त्याने पुढे काहीच विचारलं नाही. ओंडक्याला कान लावला, इकडे-तिकडे ठोकलं आणि उठून म्हणाला, “साफ हाय.” ओलं फडकं त्याने फिरवलंच नाही. हे मला दिसलं होतं. मी हातात टेप धरून चार हातांवर उभा होतो आणि काही बोललो नाही.

मशीन सुरू झालं. पहिली साल उतरली, दुसरी फळी उतरली. मल्लप्पा खांबाला धरून उभा होता. एरवी मशीन चालू असताना तो शेडमध्ये थांबत नसे. तिसऱ्या वेळी दगडूने खांदा लावून ट्रॉली पुढे रेटली आणि पातं लाकडात शिरलं, तेवढ्यात मल्लप्पा ओरडला, “निल्लु! निल्लु!”

मशीनच्या आवाजात तो काय ओरडतोय हे आम्हा कुणाला कळलं नाही. दगडूचे हात मात्र थांबले. मिस्त्रींनी बटण बंद केलं. पातं पूर्ण थांबेपर्यंत सगळे जागच्या जागी उभे होते.

“खिळा हाय,” मल्लप्पा म्हणाला.

“सबेरे तो साफ बोल्ये तुम,” मिस्त्री म्हणाले.

मल्लप्पा ओंडक्याच्या बुडाशी टाचा लावून भुशात चक्क उताणा झोपला. मग काहीतरी आठवून, टाचा बुडाच्या पलीकडे जातील असा हातभर खाली सरकला. “बुडखा रानात राहिलाय की,” असं स्वतःशीच म्हणाला आणि झोपल्या झोपल्या उजवा हात कपाळाच्या वर नेऊन ओंडक्यावर टेकवला. “हितं. माज्याच हातानं ठोकलाय.”

मग त्याने सांगितलं. त्याची एकुलती एक मुलगी गौरव्वा चार वर्षांची असताना तिला आकडी यायची. गावातल्या जाणत्याने तिचे चार केस खिळ्याला गुंडाळून म्हसोबाच्या लिंबात ठोकायला लावले. आकडी थांबली, ती पुन्हा आली नाही. खिळा निघाला की आकडी परत येणार, असं तेव्हाच सांगितलं होतं. गौरव्वा आता केम गावी सासरी होती, सातवा महिना चालू होता. फुली मारली असती तर मिस्त्रींनी नेहमीसारखी छिन्नी घेऊन खिळा काढला असता. न मारली तर खिळा कदाचित आतच राहिला असता, पण पातं त्याच्यावर गेलं की समोर दगडू उभा. त्याने आधी मुलीच्या बाजूने तोंड उघडलं आणि शेवटच्या घटकेला दगडूच्या.

लहानपणची आकडी पुष्कळ मुलांची आपोआप थांबते, हे मला तेव्हाही माहीत होतं. ते सांगायची ती जागा नव्हती.

गलका ऐकून शेठ आले. “काढा तो खिळा आणि कापून टाका,” म्हणाले. मल्लप्पा उठून बसला आणि त्या जागेवर त्याने तळहात ठेवला. “काडायचा न्हाय शेठ. हाताच्या करवतीनं चिरतो. खिळ्याभवतीचं हातभर लाकूड तेवडं मला द्या.” पण हाताच्या करवतीला दोन माणसं लागतात. सगळ्यांनी दगडूकडे बघितलं.

दगडू म्हणाला, “अण्णा, म्या पात्याम्होरं हुतो.”

“व्हय,” मल्लप्पा म्हणाला.

दगडू शेडमागे निघून गेला. बराच वेळ आला नाही. मला वाटलं, घरी गेला. मग तो भिंतीवरची करवत खांद्यावर घेऊन आला. तोंडाला फडकं बांधलेलं होतं. “खिळ्यानं काय हुत न्हाय. आमी ते समदं सोडलंय,” तो म्हणाला. “पन पोरगी माज्या मांडीवर खेळलीया. चढ वर.”

तीन दिवस ते दोघं तो लिंब चिरत होते. एळी आणि निल्लु, याशिवाय त्यांच्यात एक शब्द झाल्याचं मी ऐकलं नाही. दुपारी भाकरीला मात्र एकाच फडक्यावर बसले. तिसऱ्या संध्याकाळी फळ्यांच्या थप्पीशेजारी हातभर लांबीचा एक ठोकळा उरला. खिळा त्याच्या पोटात होता.

चौथ्या दिवशी मल्लप्पा आला तो हातोडी माझ्यापुढे धरून. “म्या चाललो. आता तुमी ऐका.”

शेठ काही म्हणाले का, असं मी विचारलं. शेठ तर थांब म्हणाले होते, हे मला नंतर कळलं. “शेटचं न्हाय वो. माजा कान खोटा न्हवता, तोंड खोटं हुतं. पन मशीनम्होरं जो हुबा ऱ्हातो त्येला त्यात काय फरक?”

मला गप्प राहवेना. “तुम्ही फडकं फिरवलं नाही, ते मी बघितलं होतं,” मी म्हणालो.

“मंग बोलला का न्हाय?”

“मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

“मला म्हाईत हुतंच की,” मल्लप्पा म्हणाला. तो हसला नाही. ठोकळा पोत्यात घालून तो वळसंगच्या गाडीला निघून गेला. मला इतकी शरम त्याआधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही क्वचितच वाटली आहे.

मी हातोडी घेतली. आधी गाडीवानाला विचारायचं, मग फडकं, मग कान. वर्षभराने मला ठोकण्यातला फरक कळायला लागला. कान म्हणजे देखावा नव्हता, हे मल्लप्पाला जाऊन सांगायचं माझ्या मनात होतं. वळसंग काही लांब नाही, पण जाणं झालं नाही. गौरव्वा सुखरूप बाळंत झाल्याचं दगडूकडून कळलं होतं. आकडी आली नाही.

काही वर्षांनी मल्लप्पा वारल्याची बातमीही दगडूनेच आणली. आम्ही दोघं एस.टी.ने वळसंगला पोचलो तेव्हा लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून माती दिलेली होती. गौरव्वा केमहून आली होती, कडेवर धाकटं मूल होतं आणि थोरला अंगणात खेळत होता. चांगली धडधाकट बाई. जमीन कुळाला कसायला द्यायची आणि घर बंद करायचं ठरलं होतं, म्हणून ती सामान आवरत होती. दाराआड तो ठोकळा उभा होता, हात लागून लागून गुळगुळीत झालेला.

“ह्ये काय ठेवलंया अप्पानं, कुनास ठावं,” ती म्हणाली. “कुनाला हात लावू द्यायचा न्हाय. चुलीत घालावं म्हनते.”

त्याने तिला सांगितलंच नव्हतं. मी दगडूकडे बघितलं. त्या सकाळी टेप धरून उभा होतो, तसाच मी दुसऱ्यांदा नुसता उभा राहिलो.

दगडूने वाकून ठोकळा उचलला. “आमच्या घरात बसायला काय न्हाय, पोरी. म्या नेऊ का?”

“न्या की काका,” ती म्हणाली.

परतीच्या गाडीला गर्दी नव्हती. कंडक्टरने ते लाकूड खाली ठेवायला सांगितलं, दगडूने ऐकलं नाही. थोड्या वेळाने मी म्हणालो, “दगडू, तुम्ही तर असलं काही मानत नाही ना?”

“न्हाय मानत,” तो म्हणाला. सोलापूर येईपर्यंत त्याने ते मांडीवरून खाली ठेवलं नाही.