कान्हेरीच्या ओढ्याकाठी शेवंतीबाई

शेवंतीबाई गावडे सोळा वर्षं गिरणीत होत्या. त्या सोळा वर्षांत त्यांनी रविवाराकडे एकच गोष्ट मागितली. झोप.

पुढे सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातल्या बायका कमी केल्या, त्यात त्यांचंही नाव लागलं. त्या चार दिवस गप्प बसल्या आणि पाचव्या दिवशी खाणावळ काढली. नायगावच्या बीडीडी चाळीतली एक खोली आणि जेवायला नऊजण, सगळे देवरुखकडचे. प्रत्येकाची पाळी वेगळी, त्यामुळे स्टोव्ह दिवसातून चारदा पेटायचा. रविवारी दुपारी सगळ्यांना एकत्र जेवण आणि रात्री खाणावळ बंद, हा नियम. म्हणजे रविवारी झोप तरीही नव्हतीच.

त्यांचे यजमान दौलतभाऊ साचेखात्यात होते. हातमागाला खेड्यात माग म्हणतात, गिरणीतल्या मागाला कामगार साचा म्हणतात. एका छताखाली चारपाचशे साचे एकदम चालतात, तेव्हा शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून साचेवाले ओठांनी आणि हातांनी बोलतात. मुकादम आला, तर मिशीला पीळ. धागा तुटला, तर दोन बोटांची कात्री. साचा बंद कर, तर दोन्ही मुठी छातीशी. शेवंतीबाई सुताच्या बाबिणी घेऊन साचेखात्याच्या दारात जायच्या आणि नवऱ्याशी तिथंच संसाराचं बोलून घ्यायच्या. दोघांची भांडणंही तिथं झाली आहेत. आजूबाजूची दीडशे माणसं ती वाचत होती, हे त्यांना पुष्कळ उशिरा कळलं.

छप्पन सालच्या जानेवारीत गिरणगावात गोळीबार झाला, संचारबंदी लागली. ती उठल्यावर दौलतभाऊंनी एक खूळ काढलं. महिन्यातून एका रविवारी ते चाळीतल्या माणसांना घेऊन शहराबाहेर जायला लागले. कधी वसईचा किल्ला, कधी घोडबंदर, पण जास्त करून बोरिवलीच्या रानातलं कृष्णगिरी उपवन आणि त्याच्या पोटातल्या कान्हेरीच्या गुंफा.

"मुंबई आमची, मुंबई आमची, म्हणून घसा फोडतोय आपण," ते म्हणायचे. "पण परळ ते लालबाग सोडून बघितलीय कुणी? मागायची वस्तू आधी बघून तरी घ्यावी."

रविवारी रात्री ते परत आले की सगळं सांगायचे. शेवंतीबाई पाठ करून पीठ मळत असायच्या.

"ऐकतेस का?"

"हातांना कान नाहीत," शेवंतीबाई म्हणायच्या.

अठ्ठावन्नच्या श्रावणात चाळीतल्या बायका अडून बसल्या. दरवेळी पुरुष जातात, आम्ही काय भाकऱ्या बांधून द्यायलाच? सगळ्यात पुढे होती बेबी, शेजारच्या खोलीतली, दोन लेकरांची आई. पण शेवंतीकाकी आल्या तरच आम्ही येणार, असं तिनं सांगून टाकलं. चाळीच्या मंडळाचे चिटणीस रामदास यांनी जिन्यातच दौलतभाऊंना अडवलं. "बायकापोरं नेताय. एका पोराला खरचटलं तरी ही तुमची शेवटची सहल. मंडळात माझ्याशी वाद घालायचा नाही."

शेवंतीबाईंनी नऊ जेवणाऱ्यांना सांगितलं, "एक रविवार मिसळ खा. मरणार नाही." आणि त्या निघाल्या.

सात बायका, नऊ मुलं, पाच पुरुष. त्यांच्यात गिरगावचा हेरंब होता. मराठी घेऊन नुकताच बी. ए. झालेला, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांमध्ये दौलतभाऊंशी ओळख झालेला. बोरिवली तेव्हा नुकतीच मुंबईत आली होती, पण तिला स्वतःला ते कळलं नव्हतं. स्टेशनच्या बाहेर भातखाचरं होती आणि रस्त्यात म्हशी. दीड तास चालल्यावर गुंफांचा काळा डोंगर आला.

मोठ्या चैत्यात कुठल्याशा शाळेची दीडशे मुलं शिरली होती. आत पाय ठेवायला जागा नव्हती. दौलतभाऊ म्हणाले, "तोवर पलीकडच्या गुंफा बघून या. हेरंबराव, तुम्ही न्या. ह्या कोंडीरामचा गुडघा धरलाय, त्याला मी फडकं बांधतो नि येतो."

दोन डोंगरांच्या मधे ओढा आहे. त्यातून घोटाभर पाणी चाललं होतं. पोरं ते उडवतच पलीकडे गेली.

अर्ध्या तासाने बायका परत फिरल्या, तेव्हा ओढा बोलायला लागला होता. इथे पाऊस नव्हता. वर, डोंगराच्या माथ्यावर कुठंतरी पडला असावा. पाणी गुडघ्याला आलं होतं, तांबडं झालं होतं, आणि खडकांवरून उतरताना त्याचा असा आवाज होत होता की शेजारच्याचं ऐकायला कान पुढे करावा लागत होता.

पलीकडच्या काठावर, पंचवीस-तीस हातांवर, दौलतभाऊ आणि बाकीचे पुरुष धावत आले. ते काहीतरी ओरडत होते. काही पोचत नव्हतं.

हेरंबने धोतर वर खोचलं. "वहिनी, अजून गुडघाभरच आहे. हातांची साखळी करू. लहान मुलं कडेवर घ्या. आत्ता निघालो तर निघू, नाहीतर अडकलो."

म्हणणं चुकीचं वाटत नव्हतं. बेबीने धाकट्याला कडेवर घेतलं, थोरल्याचा हात धरला. ती आणि आणखी एकजण पाण्यात उतरल्यासुद्धा.

शेवंतीबाई समोर बघत होत्या. दौलतभाऊंनी ओरडायचं थांबवलं होतं. ते खडकावर ताठ उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही मुठी छातीशी आणल्या.

शेवंतीबाईंना गिरणी सोडून पाच वर्षं झाली होती. पण डोळे विसरले नव्हते. त्यांनी बेबीचा पदर धरून मागे ओढला. "कुणी उतरायचं नाही. वर या."

"वहिनी, पण—"

"थांब जरा. ते बोलतायत."

"कोण बोलतंय? काय ऐकू येतंय तुम्हाला?"

शेवंतीबाईंची नजर पलीकडे होती. समोरचे ओठ हलत होते. हात वर डोंगराकडे जाऊन खाली आदळत होता. मग तीन बोटं. मग तळहात हळूहळू खाली.

"वरून मोठं पाणी येतंय," त्या म्हणाल्या. "त्यांना तिथून वरची घळ दिसतेय. तीन तास बसायचं. मग उतरेल."

"तीन तास! आणि नाही उतरलं तर? काळोख पडेल. वहिनी, ही जबाबदारी माझ्यावर आहे."

"पोहता येतं तुला?"

"नाही."

"मग तुझ्यावर नाही."

बायका एकदा हेरंबकडे बघत होत्या, एकदा शेवंतीबाईंकडे. एकीकडे शिकलेला मुलगा, दुसरीकडे खाणावळ चालवणारी बाई. पंधरा जीव मधे उभे होते. दौलतभाऊ चुकले असतील तर दोष आपल्यावर येणार होता, हे शेवंतीबाईंना दिसत होतं. त्या म्हणाल्या, "ज्याला जायचं त्यानं माझ्या अंगावरून जावं," आणि वाटेवरच बसल्या.

बेबी पहिली बसली. मग बाकीच्या.

मुलं अजून बसलीही नव्हती तेवढ्यात ते आलं. आधी वास आला, ओल्या मातीचा. मग एक उपटलेलं झाड, मुळांसकट, आडवं होत, खडकांवर आपटत खाली गेलं. जिथं बेबी उतरली होती तिथून पाणी छातीभर वाहायला लागलं.

हेरंब खाली बसला. त्याचं धोतर अजून वरच खोचलेलं होतं. बराच वेळ त्याला ते सोडायचं सुचलं नाही.

त्या सगळ्यांना घेऊन शेवंतीबाई जवळच्या गुंफेत गेल्या. पोरं रडायला लागली. भाकऱ्या पलीकडे राहिल्या होत्या. शेवंतीबाई दारात गेल्या, पलीकडे बघून ओठ हलवले, हात केले. दौलतभाऊंनी कपाळाला हात लावला.

"काय विचारलंत, काकी?"

"म्हटलं, जेवण पाठवताय का आमचं, की गिळलंत?"

बायका हसल्या. पोरांचं रडणं थांबलं.

"काकी, ही भोकं कुणी पाडली डोंगराला?" बेबीच्या थोरल्याने विचारलं.

आणि शेवंतीबाई सांगायला लागल्या. इथं भिक्षू राहायचे, दीड-दोन हजार वर्षांपूर्वी. त्यांच्यासाठी गुंफा कोरायला पैसा राजांनीच दिला असं नाही. सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याने दिला, कल्याणच्या सोनाराने पाण्याचं टाकं दिलं. "ह्या टाक्यात आभाळाचं पाणी साठतं, प्या." बायकांनीही दिलं. आणि कल्याणच्या एका लोहाराने काय दिलं? तर वाट. माणसांना चालायला वाट. त्याचं नाव दगडात कोरलेलं आहे. राजांच्या बरोबरीने.

"लोहाराचं?"

"लोहाराचं. तुझा बाप फिटर आहे ना? तसलाच."

हेरंब आता दारातून आत आला होता. त्याने यातलं काही पुस्तकांत वाचलं होतं. पण हातांनी हवेत टाकं खोदून दाखवत कुणी सांगितलेलं त्याने ऐकलं नव्हतं. "वहिनी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही," शेवंतीबाई म्हणाल्या. मग त्यांनाच नवल वाटलं. अडीच वर्षांतला एकही रविवार त्यांच्या कानांवरून वाहून गेला नव्हता.

पोरांना गुंफेत आवाज घुमतो हे कळलं. मग काय, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" दगड हादरला. शेवंतीबाईंनी ते ओठांनी पलीकडे पाठवलं. पलीकडच्या काठावर चार मुठी वर गेल्या. आवाज नव्हता, फक्त मुठी.

तीन तासांचे साडेतीन झाले. पाणी पोटरीवर आलं. दौलतभाऊ आणि दोघे पुरुष ओढ्यात उभे राहिले आणि एकेक पोर हातोहात पलीकडे गेलं. हेरंबने दोन मुलं नेली, परत येऊन आणखी एक नेलं. शेवंतीबाई शेवटी उतरल्या. दौलतभाऊंनी हात पुढे केला, तर म्हणाल्या, "माझं मी बघते. त्या बेबीची पिशवी धरा, भिजतेय."

काठावर आल्यावर दौलतभाऊ खडकावर बसले. त्यांचा चेहरा राख झाला होता. "ढग बघायला पाहिजे होता मी," ते म्हणाले. "बघितला नाही नि पाठवलं तुम्हाला. रामदास खरं बोलला. झालं हे शेवटचं. चला, अंधाराच्या आत स्टेशन गाठू. पुन्हा कुणाच्या बायकापोरांना आणणार नाही."

बायका शेवंतीबाईंकडे बघत होत्या. हेरंबही.

शेवंतीबाईंनी लुगड्याचा काठ पिळला. मग बसलेल्या नवऱ्याकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं, जशा नजरेनं आई धडपडलेल्या मुलाकडे बघते.

"पोरांना खरचटलंय का कुणाला?"

"नाही."

"मग रामदासांचा काय संबंध? ढग तुम्ही बघितला नाहीत, ते खरं. पुढल्या वेळी मी बघेन." त्या उभ्या राहिल्या. "आणि घरी कसले चला? तो मोठा चैत्य बघायचा राहिलाय. शाळेची पोरं गेली असतील आता. अजून अडीच तास उजेड आहे."

बेबीने धाकट्याला खांद्यावर टाकलं आणि ती चढायलाच लागली. मागोमाग इतर बायका. मुलं तर केव्हाच पुढे पळाली होती.

दौलतभाऊ उठले. शेवंतीबाई त्यांच्या पुढे चार पायऱ्या होत्या, आणि कोंडीरामला मागे वळून सांगत होत्या की गुडघा दुखत असेल तर काठी घे, पण चैत्य चुकवू नको, तिथले खांब बघण्यासारखे आहेत.